पोवळ्याची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या घरी अजूनही वहीपूजन होते. आजोबांचे दुकान बंद पडून तीस वर्षे होत आली. त्या जागेत आता एकाने मोबाईल दुरुस्तीचे खोपटे थाटले आहे. परंतु पाटावर तीन लाल कापडी बांधणीच्या वह्या मांडल्यावाचून आईला दिवाळी झाल्यासारखी वाटत नाही. वह्यांवर हळदकुंकू, एक सुपारी, आणि शेजारी वाटीत आजीची पोवळ्यांची माळ. सोन्याच्या बारीक तारेत ओवलेले नऊ मणी. लहानपणी मला त्यांचे भारी नवल वाटे. सोने चकाकते म्हणून मोलाचे, हे कळत होते; पण हे तांबडे, मुके, गुळगुळीत मणी एवढे कशासाठी जपायचे, ते काही कळत नव्हते.

आज लिहायला बसलो आहे तो त्या मण्यांमुळेच. म्हटले तर हा लेख समुद्राविषयी आहे, म्हटले तर एका जुन्या देण्याविषयी. आता कुरुंदा हे गाव समुद्रापासून चारशे किलोमीटरांहून अधिक लांब. माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नाही. मी स्वतः तो दोनदा पाहिला, आणि दोन्ही वेळा माझे निम्मे लक्ष किनाऱ्यावर काढून ठेवलेल्या चपलांकडे होते. त्यातून मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला माणूस; गावातल्या एका लहानशा खाजगी शाळेत खालच्या वर्गांना शिकवतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. अशा माणसाने समुद्राच्या गोष्टी सांगाव्यात हा थोडा आगाऊपणाच. पण शिकवण्याच्या धंद्यात आगाऊपणा केल्यावाचून भागत नाही.

झाले असे, की गेल्या वर्षी वर्गातला एक मुलगा बोटात पोवळ्याची अंगठी घालून आला. पत्रिकेत मंगळ निघाला म्हणून बापाने वसमतच्या सोनाराकडून करून आणलेली. मुले भोवती जमली. त्यातल्या एकाने मला विचारले, "गुरुजी, पोवळं झाड असतंय का दगड?"

मी बिनदिक्कत सांगितले, "दगड."

दिवाळीच्या सुटीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. तो पुण्याला भूशास्त्र शिकतो. ओट्यावर चिवडा खाता खाता मी त्याला ही हकिगत सांगितली, तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "गुरुजी, झाडही नाही आणि दगडही नाही. पोवळं म्हणजे जनावर. आणि नुसतं जनावर नाही, हिशेब लिहिणारं जनावर."

त्या एका वाक्यावर आम्ही रात्री अकरापर्यंत बसलो. आईने दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

त्याने सांगितले ते असे. अंगठीतले तांबडे पोवळे ही एक जात. ती खोल, अंधाऱ्या पाण्यात वाढते आणि शतकानुशतके भूमध्य समुद्राकडून आपल्या बाजारात येत आली आहे. दुसरी जात उथळ, कोमट पाण्यात राहून समुद्रात भिंतीच्या भिंती उभारणाऱ्या प्रवाळांची. लक्षद्वीपची बेटे त्यांच्यावरच उभी आहेत. आपल्याकडे मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास हे प्रवाळ आहेत, विजयदुर्गाच्या पश्चिमेला भर समुद्रात आंग्र्यांचे नाव धारण करणारे आंग्रिया बँक नावाचे बुडालेले पठार आहे तिथे आहेत, आणि वर कच्छच्या आखातात आहेत. तांदळाच्या दाण्याहून लहान किंवा थोडा मोठा असा मऊ जीव पाण्यातला चुना आणि पाण्यात विरघळलेला कार्बन घेतो आणि आपल्या बुडाखाली घर बांधतो. घर उंच झाले की जुना मजला सोडून वर सरकतो. असे पिढ्यानपिढ्या चालते. बांधणी सगळ्या ऋतूंत सारखी होत नाही. कधी दाट, कधी विरळ. त्यामुळे अशा प्रवाळाची उभी चकती कापून तिचा क्ष-किरणांनी फोटो काढला, तर झाडाच्या खोडात दिसतात तशी वर्षांची वलये दिसतात. प्रत्येक वलयात त्या त्या वर्षीच्या समुद्राचा कार्बन दगड होऊन बसलेला असतो. खाडाखोड नाही, मागची तारीख घालणे नाही.

आमच्या वह्यांचे पुढे सांगणार आहे. पण हे ऐकताना मला त्यांचीच आठवण झाली, हे आताच सांगून टाकतो.

पुढची गोष्ट अधिक नवलाची आहे. हवा आणि समुद्र यांच्यामध्ये कर्बवायूची अखंड देवघेव चालू असते. लाटांच्या पृष्ठभागावरून काही वायू आत जातो, काही बाहेर येतो. ही देवघेव किती वेगाने चालते, हे जाणणे आज माणसाला फार निकडीचे झाले आहे. कारण आपण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून जेवढा कर्बवायू हवेत सोडतो, त्याचा साधारण चौथा हिस्सा समुद्र गिळतो. तो किती गिळील, किती काळ गिळील, यावर आपल्या नातवंडांचा उन्हाळा ठरणार आहे. पण मोजायचे कसे? पाण्यात शिरलेल्या वायूला कुणी शिक्का मारलेला नसतो. घरातल्या हौदात शेजाऱ्याने तांब्याभर पाणी ओतले तर ते कोणते, हे कसे ओळखावे? त्यात रंग टाकलेला असेल तरच.

तो रंग माणसानेच टाकला, आणि मोजण्यासाठी मुळीच टाकला नाही.

कार्बनचा एक जड, किरणोत्सारी भाऊ आहे, त्याला कार्बन-१४ म्हणतात. आकाशातून येणारे विश्वकिरण वातावरणातल्या नायट्रोजनवर आदळून तो अत्यल्प प्रमाणात सतत घडत असतो. विलर्ड लिबी यांनी १९४९च्या सुमारास त्यावरून जुन्या लाकडाचे, हाडांचे वय काढण्याची रीत बसवली आणि १९६० साली त्यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पण त्याच वर्षांत अमेरिका, रशिया आणि ब्रिटन उघड्या हवेत अण्वस्त्रांचे स्फोट करीत सुटले होते. त्या स्फोटांतूनही कार्बन-१४ निर्माण झाला. इतका, की १९६३-६४पर्यंत उत्तर गोलार्धाच्या हवेतले त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले. १९६३च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोला करार झाला आणि या तीन राष्ट्रांनी हवेतले स्फोट थांबवले. फ्रान्स आणि चीन यांनी ते पुढेही काही वर्षे केले. परंतु मोठी लाट त्या दहा-बारा वर्षांतलीच. हौदात रंग पडला तो असा.

झाड हवेतला कार्बन घेते आणि प्रवाळ समुद्रातला. तेव्हा एकाच काळातले झाड आणि प्रवाळ शेजारी ठेवून वर्षावर्षाची वलये ताडून पाहिली, तर हवेतला रंग समुद्रात केव्हा आणि किती उतरला हे कळावे. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतील सुप्रियो चक्रवर्ती, आर. रमेश आणि एस. कृष्णस्वामी या शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. १९९४ साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. प्रवाळ त्यांनी घेतले कच्छच्या आखातातले, चाळीस वर्षे वयाचे. आणि झाड? झाड आपल्या ठाण्याचे! ठाण्याच्या बाजूच्या रानातला एक साग. हे ऐकून मी उठून उभाच राहिलो. सागाच्या फळ्या तासणाऱ्या सुताराला काय ठाऊक, की त्याच्या रंध्याखाली जगातल्या महासत्तांचे भांडण भुसा होऊन पडते आहे?

त्या सागाच्या १९६४च्या वलयात कार्बन-१४ सर्वांत जास्त सापडला. प्रमाण मानलेल्या पातळीपेक्षा सुमारे ६३ टक्के अधिक. प्रवाळातली वाढ त्याच्याशी ताडून त्यांनी गणित मांडले, आणि उत्तर निघाले की कच्छच्या आखातात दर चौरस मीटर पाण्यावर वर्षाला ११ ते १२ मोल कर्बवायूची ये-जा होते. मोल म्हणजे रसायनवाल्यांचे माप. माझ्या विद्यार्थ्याने कागदावर गुणाकार करून दाखवला : एका वर्षात साधारण अर्धा किलो. बाजेएवढ्या जागेवर म्हणाल तर किलोभर. ही ये-जा, निव्वळ शिल्लक नव्हे. दुकानात दिवसभर पैसा फिरतो आणि रात्री गल्ल्यात निराळाच आकडा उरतो, तसे. आणखी एक गोष्ट त्या गणितातून निघाली. आखातात भरती-ओहोटीचे पाणी केवढ्या जोराने धावते! पण हिशेबाअखेर खुल्या समुद्राशी होणाऱ्या पाण्याच्या अदलाबदलीचा वेग निघाला वर्षाला अवघा २८ मीटर. आमच्या ग्रामसभेची आठवण झाली. असो.

इथपर्यंत मी आनंदाने ऐकत होतो. मग तो मुलगा सहज बोलून गेला, "म्हणजे बघा गुरुजी, बॉम्ब फोडले ते एका अर्थी बरंच झालं. नाहीतर हे कळलंच नसतं."

तो दुष्ट नाही. त्याच्या वयात मीही असेच म्हटले असते. आणि आपल्याकडे तर म्हणच आहे, जे होते ते भल्यासाठी. पण ते वाक्य माझ्या घशात अडकले, ते का, हे सांगण्यासाठी मला वह्यांकडे वळले पाहिजे.

माझे आजोबा किराणा आणि धान्याचा व्यापार करीत आणि त्याबरोबर सावकारीही. १९७२चा दुष्काळ मी पाहिला नाही, माझा जन्म त्यानंतरचा. त्या वर्षी मराठवाड्यात बाया-माणसे खडी फोडायला गेली, अमेरिकेची लाल मिलो ज्वारी खाऊन आणि पोरांना सुकडी चारून जगली, हे मी ऐकून आहे. आमच्या घरात मात्र त्या वर्षी धान्य होते, आणि ते दिडीने जात होते. म्हणजे एक पायली नेली तर सुगीला दीड पायली आणून घालायची. सुगी आली नाही, तर पुढच्या सुगीला त्यावर आणखी. वहीत सगळे आहे. कोण केव्हा आला, काय नेले, काय ठेवून नेले. समोर डाव्या अंगठ्याचा जांभळा ठसा. एका पानावर ओळ आहे : पोवळी मणी नऊ, सोन्याची तार, गहाण. त्याखाली सोडवणुकीची नोंद नाही.

होय, तीच माळ.

माझी पहिली कादंबरी या वह्यांतून निघाली. दुष्काळात कोणत्या महिन्यात लोकांनी तूर मागितली, कोणत्या महिन्यात नुसते मीठ, बैल कधी गेले आणि भांडी कधी, हे मला आणखी कुठे मिळाले असते? सरकारी अहवालात आकडे असतात, माणसे नसतात. कादंबरीचे चार ठिकाणी बरे बोलले गेले. एका समारंभात मला विचारले, "एवढा बारकावा कुठून आणलात?" मी म्हणालो, "गावाकडच्या आठवणी." ते अर्धे खोटे होते. आठवणी माझ्या नव्हत्या, आणि ज्यांच्या होत्या त्यांना मी विचारले नव्हते.

तेव्हा माझ्या विद्यार्थ्याच्या तर्काने पाहिले तर दुष्काळ पडला ते एका अर्थी बरेच झाले, आणि आजोबांनी दिडी लावली तेही बरे. नाहीतर मराठी साहित्याला एक कादंबरी कमी पडली असती! हे मी त्याला बोलून दाखवले. तो गप्प बसला. मग म्हणाला, "पण गुरुजी, तुम्ही लिहिलं नसतं तर त्या लोकांचं काय भलं झालं असतं?"

याला उत्तर सोपे नाही, आणि म्हणूनच हा लेख.

आधी बॉम्बचे पाहू. १९४६च्या मार्चमध्ये पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटावरच्या १६७ माणसांना अमेरिकी आरमाराने उठवले. सांगितले, की मानवजातीच्या कल्याणासाठी तुमचे बेट हवे आहे. बिकिनी म्हणजे प्रवाळांनीच बांधलेले कंकण. तिथे १ मार्च १९५४ रोजी जो हायड्रोजन बॉम्ब उडवला, त्याने प्रवाळाचा खडक भाजून त्याचे पीठ केले आणि आभाळात उडवले. काही तासांनी ते शेजारच्या रोंगेलाप बेटावर पांढरे पांढरे पडू लागले. मुलांनी असे काही पाहिले नव्हते. ती त्यात खेळली. जपानी मच्छीमारांच्या एका बोटीवरही ते पडले. त्यांनी त्याला मृत्यूची राख म्हटले, आणि त्यांच्यातला एक जण त्याच सप्टेंबरात दगावला. रोंगेलापच्या लोकांना दोन दिवसांनी हलवले, आणि मग डॉक्टर त्यांचे रक्त, त्यांची कातडी, त्यांची वजने नोंदवू लागले. किरणोत्साराचा माणसावर काय परिणाम होतो, याचा अभ्यास. त्यांची संमती कुणी विचारली नाही. माणसांचेच प्रवाळ केले, असे म्हणावे काय? त्यांच्या देहांत वर्षामागून वर्ष जे साठत गेले ते दुसऱ्यांनी वाचले.

त्या एप्रिलात पंडित नेहरूंनी लोकसभेत या चाचण्या थांबवण्याचे आवाहन केले. चार वर्षांनी रशियात आंद्रेई साखारोव यांनी इशारा दिला, की या कार्बन-१४ची इजा हजारो वर्षे, पिढ्यानपिढ्या वाटली जाणार आहे, आणि ज्यांना ती होईल त्यांची नावे कुणालाही कधी कळणार नाहीत. कारण तो कार्बन बिकिनीला थांबला नाही. ठाण्याच्या सागात आला, तसा १९६४ साली कुरुंद्याच्या शिवारातल्या ज्वारीतही आला असलाच पाहिजे. माझी आई तेव्हा सहा वर्षांची. माणसाच्या दाताचे कवच लहानपणी एकदा बनते ते बदलत नाही, आणि शास्त्रज्ञ आता त्यातल्या कार्बन-१४वरून माणसाचा जन्म कधीचा ते सांगू शकतात. म्हणजे आईच्या दाढेत त्या बॉम्बचा अंश आहे. हे तिला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मेल्यांनी तोंडही सोडलं नाही."

मग ही वही वाचावी की वाचू नये? मला वाटते वाचलीच पाहिजे. आणि माझे कारण असे. आजोबांची वही ही घेणेकऱ्याची वही आहे. ज्याने केले त्याने लिहिली. पोवळ्याची वही मात्र ज्याच्यावर आले त्याने लिहिली आहे; तीत कुणाचे समर्थन नाही. जुलूम सोसणाऱ्याने आपल्या अंगावर राखलेली नोंद आपण वाचायची नाही म्हटले, तर जुलूम करणाऱ्याचाच आणखी फायदा झाला. वाचल्याने बॉम्ब धुऊन निघत नाही. आणि वाचणारा तिऱ्हाईत राहत नाही. ज्या क्षणी त्याला त्यातून काही मिळाले, त्या क्षणी त्याचे नाव खात्यावर चढले. "बरेच झाले" हे वाक्य ते नाव खोडण्याची खटपट आहे. ते फक्त एकच जण बोलू शकतो, ज्याचे त्यात काही गेले. आणि तो सहसा बोलत नाही.

शिवाय वाचायचे तर कापावे लागते, हेही आहेच. त्या चाळीस वर्षांच्या प्रवाळाची चकती काढली तेव्हा ते संपले. शास्त्रज्ञ हल्ली मोठ्या प्रवाळाला बारीक भोक पाडून सळईएवढा नमुना काढतात आणि भोक बुजवतात, असे मी ऐकले. बुजवतात, हे मला आवडले.

आणि प्रवाळाचे स्वतःचे आज काय चालले आहे? समुद्राने आपला कर्बवायू गिळला, तो त्याला फुकट पचला नाही. पाण्याची आम्लता वाढली, आणि आम्ल वाढले की चुन्याचे घर बांधणे कष्टाचे होते. पाणी तापले की प्रवाळ आपल्या अंगातली रंगीत शेवाळे बाहेर टाकतात आणि पांढरे फटक पडतात. लक्षद्वीपला १९९८ साली असे झाले, २०१०ला झाले, २०१६ला झाले. २०२४ साली तर जगभरच ही लाट असल्याचे जाहीर झाले. म्हणजे हिशेब लिहिणाराच उपाशी मरतो आहे. आपल्या अरबी समुद्राची तऱ्हा आणखी वेगळी. पावसाळ्यातले नैर्ऋत्येचे वारे खोलचे जुने, कार्बनने भरलेले पाणी वर ओढतात, आणि त्यामुळे हा समुद्र वर्षाच्या ताळेबंदात हवेतून घेतो त्यापेक्षा हवेत सोडतोच अधिक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर पुष्कळ काम केले आहे. तेच वारे पुढे आमच्या शिवारावर येतात. सोयाबीनवाला त्यांची वाट पाहतो.

२०२२च्या जुलैत ते जरा अधिकच आले. एका रात्रीच्या पावसाने नदी कुरुंद्यात शिरली. आमच्या घरात कमरेएवढे पाणी होते. पाणी ओसरल्यावर मी वह्यांचे एकेक पान सोडवून माळवदावर वाळत घातले, वाऱ्याने उडू नये म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला. बहुतेक शाई राहिली. अंगठ्यांचे ठसे तर जसेच्या तसे.

तेव्हा गल्लीतले एक गृहस्थ चिखल काढायला मदतीला आले होते. वयाने माझ्याहून थोडे वडील. मी त्यांना भाऊ म्हणतो. ते माळवदावर आले, पाने पाहत हिंडले, आणि एका पानापाशी उकिडवे बसले. "गुरुजी, हे आमच्या आज्याचं नाव का?"

मी म्हणालो, होय.

ते पुष्कळ वेळ त्या ठशावर आपला अंगठा न टेकवता, वरच्या वर धरून बसले. मग म्हणाले, "तुमच्या पुस्तकातला तो खडी फोडणारा गडी आमचा आजाच की." त्यांनी पुस्तक वाचले होते, हेच मला माहीत नव्हते. "हे पान मला द्या."

मी म्हणालो, "भाऊ, झेरॉक्स काढून देतो."

"झेरॉक्स तुम्ही ठेवा. अस्सल मला द्या."

यात रास्त नाही असे काही नव्हते. मी चार दिवसांची मुदत मागितली आणि त्याला तीन वर्षांहून अधिक काळ लोटला. कारणे माझ्यापाशी होती. त्या पानाच्या पाठीमागे दुसऱ्याच घरचे खाते आहे. एकाला न्याय द्यायचा तर दुसऱ्याचे काय? वही फोडली तर तिची साक्ष राहत नाही. पुढेमागे एखाद्या संशोधकाला ती सलग लागेल. कारणे खरी होती, आणि तरीही ती घेणेकऱ्याची होती. अहमदाबादच्या त्या निबंधाची गोष्ट ऐकली नसती तर कदाचित आणखी दहा वर्षे मी तीच उगाळीत बसलो असतो.

त्या रात्री विद्यार्थी गेल्यावर मी आईला सगळे सांगितले. पोवळ्यांच्या माळेचेही. तिला ते माहीत होते. सासूने लग्नात तिच्या गळ्यात ती घातली तेव्हा शेजारच्या बायका एकमेकींकडे पाहून गप्प झाल्या होत्या, एवढे तिला आठवते. "मी गळ्यात घातलीच नाही कधी," ती म्हणाली. "पाटावर ठेवते. देवाला तरी चालते का बघू."

मागल्या बाजूच्या खात्यातल्या घरची एक म्हातारी वसमतला लेकीकडे असते. मी तिच्याकडे जाऊन आलो. ती म्हणाली, "कागद घेऊन काय करू बाबा? ज्याला पाहिजे त्याला दे. पण आमचं नाव त्यात आहे हे त्याला सांग." मग मी वहीचा दोरा उसवला.

पान आणि माळ घेऊन मी भाऊंच्या घरी गेलो. सोबत आईही आली. भाऊंनी पान घेतले आणि देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवले. मागच्या बाजूचे मी सांगितले, ते त्यांनी मान हलवून ऐकले. मग मी माळ पुढे केली. त्यांच्या आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना आता नीट दिसत नाही. त्यांनी माळ हातात घेतली आणि एकेक मणी बोटांनी चाचपत गेल्या. दोनदा.

"अकरा होते," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूचे अकरा मणी होते."

मी म्हणालो, "मावशी, वहीत नऊ लिहिले आहेत."

"वही तुमची."

आई माझ्याकडे पाहत होती. मी भाऊंबरोबर मणी पुन्हा मोजले. नऊच होते. "अकरा," म्हातारी पुन्हा म्हणाली, माळ पदरात बांधली आणि सुनेला आमच्यासाठी चहा टाकायला सांगितला.